जड धातूंच्या विषाची वर्दी देणारे जिवाणू

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यात केनवड व त्याच्या भोवतालच्या शिवारात खरिपात सोयाबीन व तूर आणि रब्बीत हरभरा ही पिके घेतली जातात. ही तिन्ही पिके द्विदल वर्गातील असून त्यांच्या मुळांवर बारीक गाठी येतात, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे. या गाठींत राहणारे रायझोबियम कुळातील जिवाणू हवेतील नत्र पिकास मिळवून देतात, म्हणूनच पेरणीपूर्वी बियाण्यास जिवाणू संवर्धन चोळण्याची पद्धत रूढ झाली. परंतु नत्र पुरविण्याखेरीज हे जिवाणू आणखी एका कामी उपयोगी पडू शकतात, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. जमिनीत जस्त, तांबे, कॅडमियम यांसारखे धातू प्रमाणाबाहेर साचू लागले, तर पुष्कळदा पिकाच्या पानांवर काही दिसण्यापूर्वीच त्याची झळ मातीतील या सूक्ष्म जीवांना लागते. ज्याला झळ आधी लागते त्याच्याकडून वर्दीही आधी मिळू शकते. याच तत्त्वावर शास्त्रज्ञांनी जिवाणूंना विषाचे पहारेकरी बनविले असून, अशा योजनेला जैवसंवेदक असे नाव दिले आहे.

धातू शेतात येतात कोठून?

पारा, शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, आणि ज्याला आपल्याकडे सोमल म्हणतात ते आर्सेनिक, यांची गणना व्यवहारात जड धातूंत होते. तांबे व जस्त यांची पिकास अल्प प्रमाणात गरज असते. प्रमाण वाढले की तेही विषच. किडीचे औषध काही काळाने विघटन पावते. धातू विघटन पावत नाही. तो मातीत पडला की पडूनच राहतो. पीक त्यातील फार थोडा अंश उचलते, पावसाने थोडा खाली जातो, बाकीचा नांगराच्या थरातच राहतो. म्हणून या बाबतीत झालेली चूक पुढच्या हंगामात दुरुस्त करता येत नाही.

केनवडसारख्या निव्वळ शेतीच्या गावी हा धोका कारखान्याच्या धुराड्यातून येण्यापेक्षा ट्रॉलीतून व पोत्यातून येण्याचा संभव अधिक. शहरातील कचऱ्याचे खत, सांडपाण्याचा गाळ, राख, नाव-गाव नसलेली स्वस्त ‘सूक्ष्म अन्नद्रव्ये’, ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटऱ्या हे त्याचे नित्याचे मार्ग होत. संत्र्याच्या बागेत बोर्डो मिश्रण वर्षानुवर्षे वापरले असता खोडाभोवतीच्या मातीत तांबे साचते, हेही ध्यानात ठेवावे. सुमारे साठ-सत्तर वर्षांपूर्वी शहरी कचऱ्याच्या खताचा पुरस्कार झाला, तो योग्यच होता. कारण त्या काळचा कचरा म्हणजे राख, पालापाचोळा आणि भाजीची देठे. आजच्या कचऱ्यात विजेरीचे सेल, रंगाचे डबे, फुटलेल्या नळ्या व तारांचे तुकडे असतात. नाव तेच राहिले, माल बदलला.

पाऱ्याची हकिगत तर आपल्याच घरातील आहे. १९५० ते १९७० या काळात बियाण्यास पारायुक्त भुकटी चोळण्याची शिफारस सर्रास केली जात असे व ती रोगावर गुणकारीही होती. त्या भुकटीने बुरशीबरोबर संवर्धनातील उपयुक्त जिवाणूही मरत. इराकमध्ये १९७१-७२ च्या हिवाळ्यात असे पारा चोळलेले गव्हाचे बियाणे लोकांनी दळून खाल्ले. त्यामुळे साडेसहा हजारांहून अधिक लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि त्यांपैकी साडेचारशेहून अधिक दगावले. भारतात अशा पारायुक्त औषधांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली. ८ ऑगस्ट २०१८ च्या केंद्र सरकारच्या आदेशाने मिथॉक्सी एथिल मर्क्युरी क्लोराइड हे औषधही बंद झाले.

कंपोस्टातील धातूंची कमाल मर्यादा खत नियंत्रण आदेश, १९८५ यान्वये ठरवून दिलेली आहे. शहरी कंपोस्टाच्या एका किलोत शिसे १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५, क्रोमियम ५०, निकेल ५०, आर्सेनिक १० आणि पारा ०.१५ मिलिग्रॅम यांहून अधिक असता कामा नये. या आकड्यांचा अर्थ शेतावर काय होतो, हे हिशेबाने पाहू. मर्यादेच्या काठावरील कंपोस्ट हेक्टरी १० टन टाकले, तर त्याबरोबर १ किलो शिसे व ५० ग्रॅम कॅडमियम जमिनीत जाते. हेक्टरभर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे २० लाख किलो धरले, तर मातीच्या दर किलोमागे शिसे अर्ध्या मिलिग्रॅमने वाढेल. एका वर्षात हे नगण्य आहे. २० वर्षांत ते १० मिलिग्रॅम होते. आणि खत मर्यादेत आहे, हे गृहीत धरूनच हा हिशेब आहे. ज्या ट्रॉलीचा नमुना कधी कोणी तपासलाच नाही, तिचा हिशेब कोणत्या आकड्याने मांडणार?

जिवाणू वर्दी कशी देतो

समुद्रात असे काही जिवाणू आहेत, की जे अंधारात निळसर-हिरवा प्रकाश देतात. हा प्रकाश त्यांच्या श्वसनाशी निगडित असतो. पाण्यात विष असेल तर जिवाणूचा जीव कासावीस होतो आणि प्रकाश मंदावतो. किती मिनिटांत किती मंदावला, हे यंत्राने मोजले की पाणी किती विषारी आहे याचा अंदाज येतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही परीक्षा व्यवहारात आली. तिच्यात एक उणीव आहे. राखणीचे कुत्रे कोणाही परक्यावर भुंकते, पण आलेला चोर आहे की पाहुणा हे सांगत नाही. तद्वत हा जिवाणू विष आहे एवढेच सांगतो, शिसे की फवारणीचे औषध हे सांगू शकत नाही.

दुसरी पद्धत याहून बारकाईची आहे. ज्या ठिकाणी पारा असतो तेथील काही जिवाणूंनी तो पचविण्याची युक्ती साधलेली असते. पाऱ्याचे वाफेत रूपांतर करून बाहेर टाकणारी यंत्रणा त्यांच्याजवळ असते; मात्र ती चालविण्यास शक्ती खर्ची पडते, म्हणून एरवी ती बंद ठेवलेली असते. तिच्या कळीवर एक प्रथिन पहारेकऱ्यासारखे बसलेले असते. पाऱ्याचा कण त्याला येऊन चिकटला की ते वळते आणि यंत्रणा सुरू होते. शास्त्रज्ञांनी याच कळीच्या पुढे प्रकाश देणाऱ्या जिवाणूंची जनुके जोडून दिली. परिणामी पारा आला की जिवाणू उजळतो. अमेरिकेत अशा पाराशोधक जिवाणूंचे काम १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. आर्सेनिकासाठीही अशीच रचना करता येते. तेथे पहारेकरी कळ दाबून बसलेला असतो आणि आर्सेनिक चिकटताच तो उठून जातो.

ही केवळ प्रयोगशाळेतील गंमत नव्हे. व्हिएतनाममधील नद्यांच्या गाळाच्या प्रदेशात भूजलात आर्सेनिक आढळते. तेथील १९४ नमुने प्रकाश देणाऱ्या जिवाणूंकडून व रासायनिक यंत्राकडून, असे दोन्ही प्रकारे तपासले गेले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात, लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा धरली असता, दूषित पाणी चांगले ठरविण्याची चूक सरासरी ८ टक्के व चांगले पाणी दूषित ठरविण्याची चूक २.४ टक्के झाली. शेतावर नेता येणाऱ्या रासायनिक पेट्यांपेक्षा ही कामगिरी सरस होती. तथापि शंभरात आठ चुका पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत लहान म्हणता येत नाहीत, म्हणून जिवाणूने निर्दोष ठरविलेले पाणीही एकवार रसायनशास्त्रज्ञाकडून तपासून घेणे इष्ट.

मुंबईजवळील तुर्भे येथे भाभा अणुसंशोधन केंद्रात जिवाणू-संवेदकांवर बरेच काम झाले असून, तेथील एस. एफ. डिसोझा यांनी २००१ मध्ये या विषयाचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. त्याच केंद्रातील संशोधकांनी मिथिल पॅराथिऑन या कीटकनाशकासाठी काचतंतूंच्या कागदावर जिवाणू बसवून एक परीक्षा तयार केली. औषधाचे विघटन होऊन पिवळा रंग येतो आणि त्याच्या गडदपणावरून प्रमाण कळते. हे काम धातूंचे नसले तरी महाराष्ट्रात या विद्येचा पाया कोठे घातला गेला, ते त्यावरून कळते.

गोव्याच्या किनाऱ्यावरील अनुभव

जनुके न जोडताही जिवाणू साक्ष देऊ शकतात. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एन. रामय्या व जयशंकर दे यांनी भारताच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यातील जिवाणू पारा घातलेल्या खाद्यावर वाढवून पाहिले. दशलक्ष भागांत अर्धा भाग पारा असलेल्या खाद्यावर काही वर्षांपूर्वीपर्यंत जवळजवळ काहीच उगवत नसे. पुढे तीन-चार वर्षांतच अशा पारा सोसणाऱ्या जिवाणूंची संख्या झपाट्याने वाढल्याचे त्यांना आढळले. हे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. तणनाशक सतत वापरले की तेच तण शिरजोर होते, हे शेतकरी पाहतच असतो. येथेही तोच न्याय लागू पडतो. पारा सोसणाऱ्यांचीच वस्ती वाढलेली दिसली, तर तेथे पारा येत असला पाहिजे असा तर्क करता येतो.

गोवा विद्यापीठातील संशोधकांना मोटारीच्या बॅटऱ्यांच्या टाकाऊ पदार्थांनी दूषित झालेल्या मातीत शिसे सोसणारा एक जिवाणू सापडला. तो विरघळलेल्या शिशाचे न विरघळणाऱ्या फिकट तपकिरी फॉस्फेटमध्ये रूपांतर करतो. जुनी बॅटरी गोठ्याच्या कोपऱ्यात फोडून शिसे काढण्याचा उद्योग जेथे चालतो, तेथील माती कोणत्या थराला जाते, हे यावरून समजावे.

वोबर्न येथील क्लोव्हरचे पीक

द्विदल पिके घेणाऱ्यांनी सर्वांत अधिक लक्ष द्यावे असा अनुभव इंग्लंडमधील आहे. रोथॅमस्टेड संशोधन केंद्राच्या वोबर्न येथील शेतात १९४२ ते १९६१ या काळात काही वाफ्यांना शहरी सांडपाण्याचा गाळ व काहींना शेणखत देण्यात आले. गाळात जस्त, तांबे, निकेल व कॅडमियम होते. १९६१ नंतर गाळ देणे बंद झाले. सुमारे वीस वर्षांनी तेथे पांढरे क्लोव्हर हे द्विदल वैरणपीक घेतले असता शेणखताच्या वाफ्यांत ते उत्तम आले. गाळाच्या वाफ्यांत मात्र पिवळे व खुरटे राहिले. त्याला नत्र खत दिले की ते सुधारे. म्हणजे धातूने पिकास सरळ मारले नव्हते. मुळे तपासली तेव्हा गाठी होत्या, पण लहान व पांढऱ्या. आत राहणारे जिवाणू धातू सोसून जगलेले होते. नत्र मात्र ते देत नव्हते. काम करणारे मेले व खाऊन बसणारे उरले, असा तो प्रकार होता. चांगले जिवाणू बाहेरून आणून त्या मातीत सोडले, तरी पिकाच्या आश्रयाविना ते फार काळ तग धरू शकले नाहीत.

ही हकिगत केनवडच्या जमिनीस जशीच्या तशी लागू करणे मात्र चुकीचे होईल. वोबर्नची जमीन रेताड आहे. इकडील काळी जमीन चिकण व चुनखडीयुक्त असून शिसे, जस्त, कॅडमियम यांना घट्ट धरून ठेवते. त्यामुळे तितकाच धातू येथे कमी बाधतो. उलट आर्सेनिक व विषारी स्वरूपातील क्रोमियम हे अशा चुनखड जमिनीत अधिक मोकळे राहू शकतात. शिवाय सोयाबीनचे जिवाणू क्लोव्हरच्या जिवाणूंहून निराळे व सामान्यतः अधिक काटक आहेत. जैवसंवेदकाचे महत्त्व नेमके येथेच आहे. रसायनशास्त्रज्ञ मातीत एकूण धातू किती ते सांगतो. त्यांपैकी सजीवाच्या अंगी लागण्याजोगा किती, हे जिवाणू सांगतो. दोघांचे उत्तर निराळे येऊ शकते आणि दोन्ही उत्तरे खरी असतात. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे १९९० च्या दशकात क्लोव्हरच्या रायझोबियमलाच प्रकाशाची जनुके जोडून मातीचा अर्क तपासण्याचे प्रयोग झाले, ते याच हेतूने.

शेतावर काय पाहावे

जनुके बदललेले जिवाणू शेतात नेऊन वापरण्याची मुभा नाही. पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांनुसार त्यासाठी शासनाची परवानगी लागते आणि ते योग्यच आहे. परंतु निसर्गाने दिलेला पहारेकरी मुळांवर बसलेलाच आहे. त्याची भाषा वाचता आली पाहिजे.

सोयाबीन पेरून ३५ ते ४५ दिवस झाले, म्हणजे फुलोऱ्याच्या सुमारास, झाडे उपटू नयेत. उपटल्याने गाठी मातीतच तुटून राहतात. फावड्याने वीतभर खोल ढेकळासह झाड काढून बादलीतील पाण्यात अलगद धुवावे. मोठ्या गाठी पात्याने कापून पाहाव्यात. आत तांबूस किंवा गुलाबी रंग असल्यास गाठ काम करीत आहे. रक्तातील रंगद्रव्याच्या जातीचे द्रव्य तेथे असते. आत पांढरी असल्यास गाठ कोवळी तरी आहे किंवा निकामी तरी. हिरवट-तपकिरी गाठ म्हातारी समजावी. हरभऱ्यातही ४० ते ४५ दिवसांनी असेच पाहता येते.

पांढरी गाठ दिसली की लगेच धातूचा संशय घेऊन मोकळे होऊ नये. काळ्या जमिनीत पाणी साचणे, युरियाची मात्रा जास्त होणे, पावसाची मोठी उघडीप, मॉलिब्डेनमची उणीव, जुने किंवा उन्हात राहिलेले संवर्धन ही कारणे कितीतरी अधिक वेळा आढळतात. म्हणून तुलना करणे हाच खरा उपाय. बाहेरचे खत टाकताना शेतात दोन-चार तासांची पट्टी त्याविना सोडावी, आणि वाण, पेरणी व संवर्धन दोन्हीकडे एकच ठेवावे. पट्टीतील गाठी तांबड्या व बाजूच्या पांढऱ्या, असे दोन हंगाम सतत दिसले तर संशयास आधार आहे.

ज्यांना पट्टी सोडणे जमत नाही, त्यांनी दोन सारख्या कुंड्या घ्याव्यात. एकीत ट्रॉली रिकामी केली त्या जागची माती व दुसरीत धुऱ्याजवळची, जेथे कधी खत पडले नाही अशी माती भरावी. दोन्हींत संवर्धन चोळलेला हरभरा लावावा व सहा आठवड्यांनी मुळे पाहावीत. संवर्धन चोळताना १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम हे प्रमाण ठेवावे. बुरशीनाशक वापरावयाचे असल्यास ते आधी, आणि संवर्धन शेवटी.

याच्या उलट, गाठी तांबड्या आहेत एवढ्यावरून धान्य निर्विष आहे असेही समजू नये. कॅडमियम पिकात शिरतो तेव्हा पीक हिरवेगार दिसू शकते. पालेभाज्या तो अधिक उचलतात, सबब संशयित जागी पालक, मेथी यांसारख्या भाज्या लावू नयेत.

नमुना कसा घ्यावा

संशयास आधार मिळाला की नमुना रासायनिक तपासणीस पाठवावा. नेहमीच्या मृदापरीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश यांची तपासणी होते. शिसे वा कॅडमियम तीत येत नाही. म्हणून धातूंची तपासणी हवी असे अर्जात स्पष्ट लिहावे. रिसोड तालुक्यातीलच करडा येथील कृषी विज्ञान केंद्रात व अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात याविषयी विचारणा करावी. पाणी व मातीतील धातूंविषयीचे शास्त्रीय काम नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत चालते.

मातीचा नमुना जस्ताचा मुलामा दिलेल्या किंवा गंजलेल्या हत्याराने घेऊ नये, लाकडी अथवा प्लॅस्टिकच्या खुरप्याने घ्यावा. खताच्या रिकाम्या पोत्यात तो कधीही भरू नये. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यासाठी दोन स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटल्या घ्याव्यात. रासायनिक तपासणीच्या बाटलीत प्रयोगशाळा सांगेल त्याप्रमाणे नायट्रिक आम्लाचे थेंब घालतात, म्हणजे धातू बाटलीच्या अंगास चिकटत नाही. जिवाणूंकडून तपासावयाच्या बाटलीत आम्ल घालू नये. तसेच ब्लीचिंग पावडर टाकलेल्या टाकीतील पाणी त्यात भरू नये. पावडरीनेच जिवाणू मरतील आणि पाण्यात नसलेल्या विषाचा बोभाटा होईल. ही चूक सहज घडते, तेव्हा ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने पावडर केव्हा टाकली याची विचारपूस आधी करावी.

नमुन्यासोबत गट क्रमांक, नमुन्याची खोली, गेल्या पाच वर्षांत बाहेरून आणलेली खते व त्यांचे अंदाजी वजन लिहून पाठवावे. खताचे बिल असल्यास त्याची प्रत आणि रिकाम्या पोत्यावरील छापील मजकुराचा तुकडाही जोडावा. पोत्यावर मजकूर नसल्यास तेही अर्जात नमूद करावे.